जुन्या बीटलचे सरकते सनरूफ दुरुस्त कसे करावे

फोक्सवॅगन बीटलच्या टपावर पूर्वी घडी होऊन मागे सरकणारे कापडी छत मिळत असे. १९६४ च्या मॉडेलपासून त्याची जागा हँडल फिरवून उघडायच्या पोलादी झाकणाने घेतली. हे झाकण गळू लागले की बहुतेक जण आधी त्याच्या कडेची पट्टी बदलतात, फटीत सिलिकॉन भरतात, आणि तरीही पहिल्याच मोठ्या पावसात सीट भिजते. कडेची पट्टी वारा, धूळ आणि पाण्याचा थेट मारा अडवण्यापुरतीच असते; थोडे पाणी तिच्यातून झिरपणारच, हे गृहीत धरूनच या छताची रचना केलेली आहे. ते पाणी झाकणाखालच्या पन्हळीत उतरते आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटे, खांबांच्या आतून, गाडीबाहेर जाते. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात पन्हळीपासूनच करावी.

झाकण पूर्ण उघडून पुढच्या प्रत्येक कोपऱ्यात अर्धा पेला पाणी सावकाश ओतावे आणि ते खाली कोठून व किती वेगाने बाहेर पडते ते पाहावे. पाणी तुंबत असेल तर गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तशी जाड नायलॉनची दोरी नळीतून हलक्या हाताने पुढे-मागे फिरवावी. कडक तारेने जुनी नळी फाटते, आणि कॉम्प्रेसरची जोराची हवा मारल्यास ती खांबाच्या आत सांध्यातून निसटू शकते. मग ती पुन्हा बसवण्यासाठी आतले अस्तर उसवावे लागते.

यानंतर झाकण उतरवावे. ते साधारण एक वीत उघडून आतील अस्तराच्या चौकटीच्या पुढच्या क्लिपा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने सोडवाव्यात, चौकट मागे सरकवावी आणि झाकण पुन्हा बंद करावे. आता ज्या स्क्रूंनी झाकण रुळांवरच्या आधारांना जोडलेले असते ते दिसू लागतात. ते सोडवण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्यावे आणि उंची साधण्यासाठी घातलेल्या पातळ चकत्या बाजूनिहाय वेगळ्या ठेवाव्यात. झाकण दोघांनी मिळून सरळ वर उचलावे, कारण एकट्याने उचलताना त्याची कड टपाचा रंग हमखास खरवडते.

पन्हळीचे कोपरे या कामातील सर्वांत महत्त्वाची जागा आहे. वर्षानुवर्षे साचलेली माती आणि पालापाचोळा तेथे ओल धरून ठेवतो व पत्रा खालून कुजतो. तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत गंज काढावा, टोकदार वस्तूने पत्रा टोचून पाहावा आणि भोक पडल्यास तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. पुट्टीने भोक बुजवणे म्हणजे गंज झाकून ठेवणे. वेल्डिंगनंतर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि मग रंग, हा क्रम पाळावा. कंटाळून संपूर्ण झाकणच वेल्ड करून बंद करण्याचा सल्ला काही गॅरेजवाले देतात. तो मानू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली असावी लागतात, शिवाय गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि बॉडीत फेरफार झालेला चालत नाही.

हँडलला जोडलेले छोटे दातेरी चाक दोन पीळदार केबल एकाच वेळी ओढते व ढकलते. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट होऊन रूळ जाम झालेले असतात. केबल आणि रूळ रॉकेलने धुऊन कोरडे करावेत. केबलचे पीळ जेथे दात लागतात तेथे झिजून सपाट झाले असतील, तर ती बदलण्यावाचून इलाज नाही. जोडताना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो, कारण जाड ग्रीसवर धूळ बसून तिचा खरकागद होतो. झाकण तिरके सरकत असेल तर हँडलची यंत्रणा सोडवून झाकण हाताने दोन्ही बाजूंना सारखे बंद करावे आणि त्याच स्थितीत दातेरी चाक पुन्हा बसवावे.

फेल्टची नवी पट्टी जुना गोंद पूर्ण काढल्यावरच चिकटवावी, आणि तिचा सांधा मागच्या कडेच्या मध्यावर घ्यावा. गोंद फेल्टच्या लवेत मुरला तर ती ताठ होते. त्यानंतर उंची साधावी: बंद झाकणाची पुढची कड टपापेक्षा साधारण १ मिलिमीटर खाली आणि मागची तेवढीच वर असावी, म्हणजे वेगात वारा घोंघावत नाही. कागदाची पट्टी कडेत ठेवून झाकण बंद करावे व ती ओढून पाहावी; सर्व बाजूंना सारखाच अडथळा जाणवला पाहिजे.

शेवटी बागेच्या पाइपने, प्रेशर वॉशरने नव्हे, टपावर दहा मिनिटे पाणी सोडावे आणि आत बसलेल्या माणसाने टॉर्चने कोपरे तपासावेत. गाडी पुढे आणि मागे उतार करून उभी ठेवून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. अस्तराची चौकट त्यानंतरच क्लिपांत बसवावी.