जुन्या नकाशांवरून त्सुनामीचं मॉडेल : आधी शून्य विचारा

नाशिकमध्ये बसून समुद्रावर काम करता येतं का, असं आमच्याकडची मुलं विचारतात. येतं. समुद्राच्या खोलीचे स्कॅन केलेले जुने नकाशे, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, त्सुनामीची लाट संगणकावर चालवणारं जिओक्लॉसारखं खुलं मॉडेल आणि बरा लॅपटॉप एवढ्यावर सुरुवात होते. त्सुनामीच्या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो : ४००० मीटर खोलीवर ताशी ७०० किलोमीटर, १० मीटरवर जेमतेम ३६. तळ चुकला की लाट चुकलीच.

सरावाला १९४५ची मकरानची त्सुनामी घ्या. २८ नोव्हेंबरच्या पहाटे आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यावर, पसनीजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. मुंबईत लाट सुमारे दोन मीटरची आल्याची नोंद आहे. ती आजच्या किनाऱ्यावर चालवू नका. आजचा नरिमन पॉइंट तेव्हा पाण्यात होता.

आता शून्याबद्दल, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते त्या पातळीबद्दल. माझे सगळ्यात जास्त हाल यानेच केले, म्हणून सविस्तर सांगते. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की पूर केवढा, ते नाशिककराला लगेच कळतं. तोच पूर होळकर पुलाशी मीटरमध्ये मोजला की आकडा वेगळा, कारण मोजायची सुरुवातच वेगळी. समुद्राचंही तसंच. नौकानयनाच्या नकाशातली खोली मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात, जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे फरक लाटेपेक्षा मोठा! नकाशावर ५ मीटर लिहिलेल्या जागी सरासरी पाणी साडेसात मीटर असतं. त्याहून वाईट म्हणजे अधोरेखित आकडे. ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या भागाची उंची सांगतात. एखाद्या चिखलपट्ट्यावर अधोरेखित २ असेल, तर सरासरी पातळीला तो अर्धा मीटर पाण्याखाली असतो. आकडे तसेच जोडलेत तर मॉडेल त्याला दोन मीटर उंच कोरडी जमीन समजतं आणि लाट तिथेच अडवतं. स्क्रीनवर सगळं छान दिसतं, एरर येत नाही. भरती-ओहोटीच्या पातळ्यांचा तक्ता बहुतेक वेळा नकाशावरच छापलेला असतो. नकाशावरचे आकडे संगणकात भरण्याआधी तो वहीत उतरवा.

एककं पाहा : फॅदम म्हणजे १.८३ मीटर, पण काही नकाशे फुटांत असतात. चार कोपरे टिचकवून जिओरेफरन्सिंग, म्हणजे स्कॅनला खरे अक्षांश-रेखांश जोडणं, उरकणं मला अजिबात पटत नाही. पृथ्वीचा आकार धरायच्या दोन पद्धती, जुना एव्हरेस्ट गोलाभ आणि आजचा जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४, यांत शेकडो मीटरची सरक येऊ शकते. जागेवरून न हललेल्या खुणा धरा : प्राँग्ज दीपगृह, किल्ल्याचा बुरूज, देवळाचा कळस. आणि छापील नकाशात जहाजांच्या सुरक्षेसाठी उथळ आकडे निवडून घेतलेले असतात. मूळ सर्वेक्षणाची शीट मिळाली तर तीच वापरा.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. ‘जेब्को (जगभरच्या समुद्रतळाचा तयार खोली-नकाशा) उतरवून घे, बाकी होईल’ म्हणणाऱ्यापेक्षा धरणाच्या कामावर उंची मोजायची लेव्हल लावून उभा राहिलेला निवृत्त सर्व्हेअर शंभर पटींनी बरा. जेब्को खोल समुद्राला उत्तम आहे, पण त्याचा एक चौकोन साधारण साडेचारशे मीटरचा. खाडी त्यात हरवते. असे सर्व्हेअर नाशिकमध्ये भेटतात. चहाला बोलवा, बेंचमार्कबद्दल, म्हणजे उंची पक्की केलेल्या खुणांबद्दल, विचारा, ते तासभर बोलतील.

गणित कच्चं असेल तर घाबरू नका, ते जमतं. पहिले काही महिने नुसते आकडे टिपण्यात जातील आणि काहीच होत नाहीये असं वाटेल. तेच काम आहे. अख्खा अरबी समुद्र लगेच घेऊ नका. एका खाडीचा तुकडा घ्या, भूकंप न घालता नुसतं स्थिर पाणी भरा आणि मॉडेल चालवा. पाणी आपोआप हलायला लागलं, किंवा किनाऱ्यावर अडीच मीटरची पायरी दिसली, तर जोडणी पुन्हा तपासा.