लासलगावच्या कांदाभावावर आर शिका

आर ही संख्याशास्त्राची मोफत भाषा. आधी आर, मग आरस्टुडिओ, याच क्रमाने बसवा. आरस्टुडिओ हा दर्शनी भाग, आकडेमोड आर करते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे आरवरचे व्हिडिओ मोफत आणि छोटे आहेत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आरस्टुडिओ ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी थांबवून आज्ञा स्वतः टाइप करा. नुसतं बघून हाताला काही लागत नाही.

धड्यातली कृती जमली की तीच आपल्या नाशिकच्या आकड्यांवर करा. लासलगावचे कांद्याचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या संकेतस्थळावरून घेऊन सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल बनवा. अडायला सुरुवात इथेच होते, आणि शिकायलाही. फाइल सापडत नसेल तर 'गेट डब्ल्यूडी' आज्ञेने चालू फोल्डर तपासा. विंडोजच्या पत्त्यातल्या उलट्या तिरक्या रेघा (\) सुलट्या (/) करा. भाव '१,८५०' असा स्वल्पविरामासह असेल तर आर तो मजकूर समजते. आधी मजकूर बदलणाऱ्या 'जीसब'ने स्वल्पविराम काढा, मगच मजकुराचा आकडा करणारी 'अ‍ॅज डॉट न्यूमेरिक' चालवा. उलट केलंत तर त्या जागी एनए, म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण येते आणि भाव हातचा जातो.

बाजार बंद असलेल्या दिवसाची भावाची जागा रिकामी असू शकते, तिथेही एनए येतं. एक जरी एनए राहिलं तरी सरासरी काढणाऱ्या 'मीन'चं उत्तर एनएच. म्हणून 'मीन'मध्ये एनए वगळायला सांगणाऱ्या 'एनए डॉट आरएम'ला 'ट्रू' द्या, तेही सगळं कॅपिटलमध्ये, कारण आर लहान-मोठी अक्षरं वेगळी मानते. रिकाम्या जागी शून्य मात्र कधीच भरू नका. सरासरी खोटी खाली येते. भाव उसळलेल्या महिन्यात 'मीडियन', म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा भावही काढा.