कधी चालू होते, कधी नाही: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत या चुका टाळा

सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, की सेल्फच फिरत नाही? आधी हे नक्की करा. सेल्फ नुसता टकटक करत असेल तर थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोटरने कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, हात लावू नका. बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी केबल) बघा. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर पुढची सगळी तपासणी फुकट.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्कॅनरवर पी२१३५ हा बिघाडाचा कोड दिसला की थ्रॉटल बॉडी (झडप, मोटर आणि सेन्सर असलेला अख्खा भाग) बदलणं. थ्रॉटलच्या दोन पोझिशन सेन्सरांचे व्होल्टेज एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच हा कोड सांगतो. बऱ्याच गाड्यांत एकाचं वाढलं की दुसऱ्याचं तेवढंच घटतं आणि बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. ती बिघडायला सैल पिन किंवा उंदराने कुरतडलेली वायरही पुरते.

एका पेट्रोल हॅचबॅकला याच कोडवरून नवी थ्रॉटल बॉडी बसली. चार दिवस गाडी उत्तम चालली, म्हणून निदान बरोबर वाटलं. पाचव्या दिवशी पावसात पुन्हा तेच. खरा दोष कनेक्टरमध्ये होता: एका पिनवर हिरवट गंज आणि समोरच्या टर्मिनलची पकड ढिली. बॉडी बदलताना कनेक्टर काढून परत दाबला, त्यात पिन तेवढ्यापुरती घासली गेली होती. इग्निशन ऑन ठेवून, स्कॅनरवर दोन्ही व्होल्टेज लावून, हार्नेस (वायरींचा जुडगा) इंच-इंच हलवला असता तर एक आकडा तिथेच कोसळलेला दिसला असता. दहा मिनिटांचं काम आहे, पण घाई असलेला नवा मेकॅनिक नेमकं तेच टाळतो.

कोड दिसल्या दिसल्या पुसू नका. त्यासोबत साठलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद, आधी लिहून घ्या, नाहीतर बिघाडाच्या क्षणी काय चाललं होतं ते कायमचं गेलं.

अर्थिंग ओहमवर तपासू नका. केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर जवळपास शून्य दाखवतो, पण सेल्फचा करंट तिला पेलत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टकडे गेलं तर बोल्ट काढून धातू चमकेपर्यंत घासा.

वायरीच्या प्लास्टिकला टाचणी टोचून व्होल्टेज बघू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं. प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने घाला.

सेल्फ मारताना पेडल पूर्ण दाबून धरू नका, बहुतेक गाड्यांत त्याने इंधन फवारणारे इंजेक्टर बंद होतात. किंचित दाबल्यावर गाडी पेटत असेल तर हवा कमी पडतेय आणि संशय थ्रॉटलवरच्या कार्बनवर जातो. साफ करताना इग्निशन बंद हवं. थ्रॉटलची पाकळी बोटाने जबरदस्तीने उघडू नका, आतले गिअर बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन पुसा, शाफ्टवर थेट फवारा नको. नंतर त्या गाडीच्या पद्धतीने आयडल रीलर्न करा, म्हणजे पेडल न दाबता इंजिन किती फिरावं ते गाडीच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवा. ते राहिलं की आरपीएम भरकटतात आणि दोष चांगल्या बॉडीवर येतो.