जुन्या जर्मन कपांवरची अक्षरं: या चुका टाळा

बर्लिनच्या जुन्या बाजारात मी पहिला कप घेतला, तेव्हा त्यावरच्या सोनेरी ओळीची सुरुवात मला ३ च्या आकड्यासारखी दिसली. ‘मग एक आणि दोन नंबरचे कुठे आहेत?’ असं मी विकणाऱ्या आजींना विचारलं. त्या हसत सुटल्या. तो आकडा नव्हता, मोठ्या लिपीतला झेड होता: ‘त्सुम गेबुर्ट्सटागे’, म्हणजे वाढदिवसानिमित्त.

बहुतेक जण कप हातात आला की बुडावरची कारखान्याची खूण पाहायला आधी उलटा करतात. मी म्हणते, आधी वाचा. पण ही अक्षरं फ्राक्टुर नावाच्या वळणदार लिपीत असतात आणि ती चकवतात. मोठा ए हा यू वाटतो, त्यामुळे ‘अंडेंकेन’ (आठवण) हा शब्द भलताच वाचला जातो आणि मग शब्दकोशात सापडत नाही. शब्दाच्या मधला एस तर हुबेहूब एफसारखा! फरक आडव्या रेघेचा: एफची रेघ दांड्याच्या आरपार जाते, एसला असलीच तर डावीकडे नुसती टोकदार चिमटी असते. भिंगातून पाहिलं की लगेच कळतं.

फ्राक्टुर दिसली म्हणून कप दीडशे वर्षांचा, असंही समजू नका. नाझी राजवटीने १९४१ मध्ये ही लिपी मोडीत काढली, तोवर ती सर्रास चालू होती. त्यापेक्षा स्पेलिंग बोलकं असतं. १९०१ च्या सुधारणेआधी दरी या अर्थाच्या ‘टाल’ शब्दात टीनंतर एच लिहीत. सहलीच्या ठिकाणांचे कप पाहताना हे तपासावं. मात्र गावांच्या नावांत जुना एच पुढेही रेंगाळला, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देऊ नये.

आता बूड. तिथला ‘मुस्टरशुत्स’ हा शब्द कारखान्याचं नाव समजून किंमत सांगणारे मी पाहिले आहेत. त्याचा अर्थ एवढाच की नमुना कायद्याने संरक्षित आहे. ‘झामेलटासे’ म्हणजे संग्रहासाठीचा कप, ‘हांडगेमाल्ट’ म्हणजे हाताने रंगवलेला. यातलं एकही बनवणाऱ्याचं नाव नाही. ‘केपीएम’ दिसलं की अनेकांना थेट बर्लिनचा राजेशाही कारखाना आठवतो. पण सायलेशियातल्या वाल्डेनबुर्गचा (आताचं पोलंडमधलं वाउब्झिख) क्रिस्टरचा कारखानाही हीच अक्षरं छापायचा. बर्लिनच्या मालावर राजदंडाची खूण शोधा.

इंग्रजीत ‘जर्मनी’ लिहिलेलं असेल तर कप बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं ते तेव्हापासून. नसेल तर त्याआधीचाच, हे मात्र चूक. घरच्या बाजारात विकायच्या कपांना ही सक्ती नव्हती. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचा, त्यावर वाद नको.

‘थिंक ऑफ मी’, ‘रिमेंबर मी’ असं इंग्रजीत लिहिलेला कप इंग्लंडचाच धरू नका, परदेशी गिऱ्हाइकांसाठी जर्मन कारखाने असे ढिगाने बनवत. काहींच्या आत तोंडाशी आडवी पट्टी असते. माझ्या एका मैत्रिणीने तिला चहाची गाळणी ठरवलं होतं. ती मिशा चहात बुडू नयेत म्हणून!

आणि घासू नका. जर्मन म्हटलं की आपल्या आज्यांना अॅल्युमिनियमचं पातेलं आठवायचं. तो हात इथे चालवायचा नाही. सोनं झिलईच्या वर असतं. चिंच, लिंबू, काथ्या, डिशवॉशर काहीही लागलं की जातं. कोमट पाणी, थेंबभर साबण, मऊ फडकं बास. आधीच अक्षरं गेली असतील तर अंधारात कप तिरका धरून बाजूने टॉर्च मारा. सोनं उडालेल्या जागेची झिलई किंचित मंद दिसते. माझ्या एका कोऱ्या वाटणाऱ्या कपावर त्या उजेडात ‘डेअ हाउसफ्राउ’ उमटलं: ‘घरच्या बाईंना’.