व्हॉट्सॲप चॅट लावलं की प्रमाणपत्रावर हरकत : माझा अनुभव

पोटगीच्या अर्जात माझ्या अशील बाईंचं व्हॉट्सॲप चॅट पुरावा म्हणून लावलं की समोरचे वकील हरकत घेत. आधी नुसते स्क्रीनशॉट दिले, मग जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब च्या नमुन्यातलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र. दोन तारखा वाया. बाईंना तोंड दाखवायची लाज वाटायची.

चूक नमुन्यातच होती. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63(4) लागू आहे. मग बाईंच्याच फोनवरून चॅट एक्स्पोर्ट केलं, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा डिजिटल ठसा, काढला. यानंतर फाइलला हात लावायचा नाही. एक स्पेस वाढली तरी हॅश बदलतो. नव्या कायद्याच्या अनुसूचीतल्या प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ बाईंनी आयएमईआयसह (फोनचा ओळख क्रमांक) भरला, ‘ब’ तज्ज्ञाने. हॅश दोन्हीत तोच. प्रिंट, पेन ड्राइव्ह, प्रमाणपत्र एकत्रच दाखल केलं. हरकत टिकली नाही.

कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 14 पुराव्याच्या नियमांतून सवलत देतं, असं सीनियर म्हणतात, पण मी त्यावर विसंबत नाही.