दुसऱ्याच्या घरनं आलेला पोपट हात बघून बिचकत असेल तर

मोठा झालेला ग्रे पॅरट किंवा कॉकॅटिल (दोन्ही पाळीव पोपटांच्याच जाती) घरी आला की लगेच पिंजऱ्यात हात घालायची घाई नको भावांनो.

१. वाटीतल्या सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या काढून घ्या, बाकीचं खाणं तसंच असू दे, उपाशी ठेवून काय शिकत नाही तो.

२. जवळनं जाताना दर वेळी त्या काढलेल्यातली एकच बी वाटीत टाकायची न् थांबायचं नाही, बघायचं पण नाही, सरळ पुढं जायचं, आणि तुम्हाला बघून तो आपणहून वाटीकडं यायला लागला की मग जाळीतनं बोटानं द्यायची.

३. पिसं अंगाला चिकटवून ताठ झाला की मागं सरका, नाहीतर चावतोय.

आणि लाडानं पांढरा रस्सा बिस्सा चाखवू नका, कांदा-लसूण पोपटाला चालत नाही.