पोट सोमवारीच का दुखतं? मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

सातवीतल्या एका मुलाच्या वहीत मी लाल पेनाने शेरा मारला होता, ‘निष्काळजीपणा!’ उद्गारचिन्हासकट. सात आठे किती विचारलं की तो पटकन ‘छप्पन्न’ म्हणायचा आणि वहीत लिहायचा 65. मला वाटायचं, पोराचं लक्ष नाही.

मराठीत एकक आधी बोलतात, सहा आणि मग पन्नास. त्यामुळे पहिली-दुसरीत अशी उलटापालट बरीच मुलं करतात. (2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’च्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ आलं, तेव्हा आपण केवढे हसलो होतो!) पण सातवीतही हेच रोज होत असेल, फळ्यावरचं निम्मं उतरवायचं राहत असेल आणि तोंडी उत्तर मात्र बरोबर येत असेल, तर दुखणं वेगळं आहे. ते ओळखायला मला अख्खं वर्ष लागलं.

अशा वेळी घरचे काय करतात? आणखी एक क्लास लावतात. ज्या पद्धतीने शाळेत कळत नाही, त्याच पद्धतीचा डोस संध्याकाळी दोन तास! त्याऐवजी आधी डोळे आणि कान तपासा. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अवघड जाण्याची, चाचणी करून घ्या. आठव्या वर्षापासून ती करता येते. बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणित असं दोन्ही तपासतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही येते. मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. मात्र दहावीचा फॉर्म भरायची वेळ आल्यावर धावपळ करू नका. तारखा मिळायला, चाचण्या पुऱ्या व्हायला वेळ जातो आणि मधली वर्षं मुलाने फुकट बोलणी खाल्लेली असतात.

‘प्रमाणपत्र घेतलं की शिक्का बसेल हो बाई,’ असं पालक म्हणतात. शिक्का आधीच बसलेला असतो, ‘ढ’ नावाचा.

दुसरी चूक म्हणजे ‘नाटकं करतोय’. रविवारी दिवसभर क्रिकेट खेळलेलं पोरगं सोमवारी सकाळी साडेसहाला पोट धरून बसलं की हेच वाक्य येतं. आधी डॉक्टरांना दाखवा. तपासणीत काही निघालं नाही, तरी पोट दुखत नव्हतं असं नाही. भीतीनेही पोटात खरीखुरी कळ येते. मग तीन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, कोणत्या वारी दुखलं? शेजारी शाळेचं वेळापत्रक ठेवा. मंगळवार-गुरुवारच असतील तर त्या दिवशी कोणता तास असतो? मोठ्याने वाचायला उभं करतात का? वार ठरलेला नसेल तर रिक्षात शेजारी कोण बसतं आणि मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खाल्ला जातो, हेही बघा. कारण वर्गाबाहेरही सापडतं.

फरफटत नेणं आणि ‘राहू दे, बरं वाटेल तेव्हा जा’ म्हणणं, दोन्हीने काम बिघडतं. घरी राहिल्यावर त्या दिवशी सुटका होते, पण दुसऱ्या दिवशी उंबरठा आणखी उंच वाटतो. वर्गशिक्षकांशी बोलून सुरुवातीला दोनच तास, विश्वासातल्या एखाद्या बाईंजवळ, असं ठरवता येतं. आणि कारण शाळेतला मार किंवा अपमान निघाला तर गप्प बसू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.

समोर बसवून ‘बोल, काय झालंय तुला?’ विचारलं की आठवी-नववीतली मुलं ‘काही नाही’च्या पुढे जात नाहीत. स्कूटरवर मागे बसल्यावर मात्र तीच मुलं बोलतात, कारण तेव्हा कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसतं. शेंगा सोलताना बोलतात. ऐकून घ्या, लगेच तोडगा काढू नका. आणि ते संध्याकाळी मावशीला फोनवर सांगू नका! एकदा मुलीच्या कानावर गेलं की संपलं, पुन्हा सांगणार नाही.

मार्क कमी आले म्हणून फुटबॉल किंवा तबला बंद करणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. जिथे मुलाला जमतं अशी एकच जागा उरलेली असते, तीच काढून घेतली जाते.

शेवटचं जरा अवघड आहे. ‘मला जगायचंच नाही’ असं मूल म्हणालं तर ‘धमक्या देऊ नकोस’ म्हणू नका. आपण विचारलं तर डोक्यात भरेल, ही भीतीही सोडा, विचारल्याने धोका वाढत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं असं काही ठरवलंयस का?’ असं शांतपणे, सरळ विचारा. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. उत्तर ‘हो’ आलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा. घरातली फवारणीची औषधं आणि आजोबांच्या झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. रात्री मुलाच्या शेजारी घरातलं कुणीतरी मोठं माणूस झोपू दे.